उसनी फुंकर

वृषाली शेटेच्या फुफ्फुसांतला बिघाड तिच्याआधी यंत्राला कळला.

तिला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. मंगळवारी सकाळी उठून ती नेहमीसारखी जेवणाच्या टेबलाशी ताठ बसली, नाकाला चिमटा लावला आणि यंत्राची नळी ओठांत धरली. "खोल श्वास घ्या," यंत्रातल्या बाईचा आवाज म्हणाला. "आता फुंका! जोरात, जोरात... अजून, अजून, अजून..." सहा सेकंद फुंकायचं. शेवटी शेवटी छाती पिळून काढल्यासारखी व्हायची आणि खोकल्याची ढास लागायची. असं तीनदा. मग पडद्यावर आकडा यायचा आणि कडेची पट्टी उजळायची. त्या दिवशीही पट्टी हिरवीच होती, पण आकडा होता २.०८. आदल्या आठवड्यात तो २.२० होता.

"नळी नीट धरली नसशील," तिची धाकटी बहीण केतकी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"असेल," वृषाली म्हणाली. दोघींनी चहा घेतला. पण चहा पिताना वृषालीची नजर पुन्हा पुन्हा पडद्याकडे जात होती.

वृषालीला ल्युकेमिया झाला तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. कऱ्हाडात एकटी राहायची, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. केमोथेरपीने भागलं नाही, तेव्हा पुण्याच्या डॉक्टर मुजावरांनी मूळ पेशींचं प्रत्यारोपण सुचवलं. केतकीच्या पेशी तंतोतंत जुळल्या. ती बेळगावहून नवऱ्याला, सुधीरला, "तीन महिन्यांत येते" असं सांगून आली. त्याला आता चौदा महिने होऊन गेले होते.

प्रत्यारोपणात रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूळ पेशी शिरेतून सोडतात. त्या आपल्या आपण हाडांत घर करतात आणि नवं रक्त घडवू लागतात. वृषालीच्या अंगात आता वाहत होतं ते सगळं रक्त केतकीचं होतं. तिचा रक्तगटसुद्धा बदलून केतकीचा झाला होता. पण रक्ताबरोबर दात्याची रोगप्रतिकारशक्तीही येते, आणि ती परक्या घरात उतरते. कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशी ती मारते, हा तिचा उपकार. कधी कधी मात्र तिला ते घरच शत्रूचं वाटू लागतं. मग ती कातडीवर, डोळ्यांवर, आतड्यावर हल्ला करते. सर्वांत वाईट म्हणजे फुफ्फुसांवर. फुफ्फुसांतल्या सगळ्यांत बारीक श्वासनलिका आतून सुजतात, त्यांत वण धरतो आणि त्या बुजत जातात. बुजलेली नलिका पुन्हा उघडत नाही.

पूर्वी हे तीन-तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासायचे. धाप लागेपर्यंत रुग्णाला कळायचं नाही, आणि धाप लागली म्हणजे तिसरा हिस्सा फुफ्फुस गेलेलं असायचं. म्हणून घरी फुंकायची यंत्रं आली. जोराने फुंकलं तर पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडते, तो हा आकडा. तो रोज मोजला तर घसरण पहिल्याच पायरीवर पकडता येते आणि औषधं वाढवून थोपवता येते. २०३९ सालची यंत्रं आणखी पुढे गेली होती. आकडा थेट इस्पितळातल्या प्रणालीकडे जायचा, आणि आठवड्याच्या गोळ्या किती द्यायच्या ते प्रणालीच ठरवायची. डॉक्टर महिन्यातून एकदा सगळ्यावर नजर टाकत.

वृषाली आणि केतकी त्या यंत्राला फुंकणी म्हणत.

सुरुवातीला वृषालीला फुंकणीचा आधार वाटला होता. कुणीतरी रोज आपली विचारपूस करतंय असं वाटायचं. हळूहळू ते बदललं. सकाळी जाग आली की आधी आकड्याचाच विचार यायचा. आकडा चांगला आला की दिवस चांगला, नाहीतर दिवसभर ती जिना चढताना पायऱ्या मोजायची, आपलाच श्वास ऐकत बसायची. केतकीला एकदा ती म्हणाली होती, "दहावीचा निकाल रोज सकाळी सातला लागतो गं माझा."

पुढच्या आठवड्यात आकडा २.०१ झाला.

शाळेचं नसतं तर वृषालीने तो मुकाट्याने सोसला असता. पण ती शाळा येत्या एप्रिलअखेर कायमची बंद होणार होती. आता बहुतेक कर्णबधिर बाळांच्या कानात वर्षाच्या आतच यंत्र बसवत आणि ती मुलं साध्या शाळेत जात. ज्यांच्या श्रवणनाडीतच दोष होता अशी सहा मुलं उरली होती. ती शेवटची तुकडी. त्यांना बोलायला शिकवणं हे वृषालीचं काम. ऐकू न येणाऱ्या मुलाला अक्षर हातावर शिकवावं लागतं. मुलाचा तळवा आपल्या तोंडापुढे धरायचा आणि 'प' म्हणायचा. हवेचा एक ठोका लागतो. 'फ' म्हटलं की झोत लागतो, 'म' म्हटलं की काहीच नाही, फक्त नाक थरथरतं. चोवीस वर्षं ती हे करत होती. तिच्या आजारपणात मुख्याध्यापिका साळुंखेबाईंनी दुसरी बाई शोधली, पण असं शिकवणारं आता कुणी उरलंच नव्हतं.

दिवाळीनंतर प्रणालीने वृषालीला शाळेत जायची परवानगी दिली होती, पट्टी सतत हिरवी असेल तोवर. एकदा पिवळी झाली की परवानगी रद्द, औषधं दुप्पट आणि पुण्याला भरती. मुलांच्या सर्दी-खोकल्यापासून तिला दूर ठेवायचं, हे कारण. कारण बरोबरच होतं.

"एप्रिलपर्यंत तरी टिकू दे," ती पुटपुटायची. १.९५ च्या खाली पट्टी पिवळी होणार होती.

त्याच सुमाराला एका रविवारी केतकीने ओल्या फडक्याने फुंकणी पुसली, नवी नळी लावली आणि नळी बरोबर बसली की नाही ते बघायला सहज फुंकून पाहिलं. पडदा उजळला. "नमस्कार, वृषालीताई," यंत्र म्हणालं. "आपली ओळख पटली आहे. पूर्ण जोर लावा."

केतकीच्या हातातून फडकं खाली पडलं.

यंत्रात ओळख पटवायची सोय मुद्दाम केलेली होती. घरातलं कुणी चुकून फुंकलं तर औषधांचा घोळ होईल, म्हणून. उच्छ्वासात बारीक थेंब असतात आणि थेंबांत थोड्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यावरून यंत्र माणूस ओळखायचं. मधुमेह, दमा, कशाच्याही रुग्णाला ते बरोबर ओळखायचं. पण प्रत्यारोपण झालेल्याच्या पांढऱ्या पेशी त्याच्या स्वतःच्या नसतात, दात्याच्या असतात, हे यंत्र बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वयात चार वर्षांचं अंतर असलं तरी दोघी बहिणी उंचीला सारख्या होत्या. यंत्राला शंका यायला जागाच नव्हती.

"बघ ना ताई, हिला आपण दोघी एकच वाटतो," केतकी हसून म्हणाली. वृषालीही हसली. मग दोघींचं हसणं थांबलं.

जानेवारीच्या नऊ तारखेला वृषालीने तीनदा फुंकलं. तीनही वेळा पट्टी पिवळी. यंत्राने विचारलं, "ही चाचणी पाठवायची, की थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा करायची?"

वृषालीने 'पुन्हा' वर बोट ठेवलं आणि नळी काढून केतकीसमोर धरली.

"नाही ताई."

"एकदाच. उद्या माझा बरा येईल."

"नाही आला तर? हे यंत्र आहे कशासाठी मग? मुजावरांनी काय सांगितलंय? बुजलं ते उघडत नाही."

"केतू, शंभर दिवस राहिलेत. दोघांना अजून 'प' आणि 'ब' वेगळा येत नाही. माझ्याशिवाय त्यांना कोण शिकवणार आहे?"

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मला जे व्हायचं ते झालेलं आहे."

"मी फुंकणार नाही," केतकी म्हणाली आणि उठली.

तेव्हा वृषाली बोलली. आवाज चढवला नाही, रागावली नाही. "माझी फुफ्फुसं कोण खातंय, केतकी? तुझ्याच पेशी ना? मग तुझी एक फुंकर मागितली तर एवढं काय जड जातंय तुला?"

केतकी भिंतीला टेकून उभी राहिली. ती रडली नाही. थोड्या वेळाने खुर्ची ओढून बसली, नाकाला चिमटा लावला, नवी नळी बसवली आणि फुंकलं. तिने जरा हातचं राखून फुंकलं तर यंत्र म्हणालं, "जोर कमी पडतो आहे. पुन्हा करा." मग तिला पुरता दम लावून फुंकावं लागलं. आकडा आला २.३४. पट्टी हिरवीगार झाली. वृषालीने पर्स घेतली आणि ती शाळेत गेली.

"एकदाच" असं ठरलं होतं ते रोजचं झालं. सकाळी सातला केतकी टेबलाशी बसायची आणि वृषाली तेवढ्या वेळात आंघोळीला जायची. तिला ते बघवत नसे. त्या विषयावर दोघी एक अक्षर बोलत नसत. भाजी कुठली, गॅस कधी संपेल, सुधीरचा फोन आला का, एवढंच बोलणं उरलं. सुधीर रविवारी फोन करायचा. "बरी आहे ना ताई आता?" तो विचारायचा. "आकडा छान येतोय," केतकी सांगायची. त्यात खोटं काहीच नव्हतं. "मग येतेस कधी?" यावर मात्र ती विषय बदलायची. आपण गेलो तर उद्या सकाळी फुंकणार कोण, हे ती त्याला सांगू शकत नव्हती.

तीन आठवड्यांनी प्रणालीकडून निरोप आला: 'अभिनंदन! आपल्या फुफ्फुसांच्या कार्यात लक्षणीय सुधारणा आहे. या आठवड्यापासून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची मात्रा कमी करण्यात येत आहे.'

केतकीने तो निरोप दोनदा वाचला. "ताई, हे थांबवायला हवं. माझ्या फुफ्फुसांवरून तुझी औषधं कमी करतायत ते."

"स्टिरॉइड कमी झालं तर बरंच आहे. तोंड बघ कसं सुजलंय माझं."

"ताई, तुला कळतंय मी काय म्हणतेय ते."

"कळतंय." वृषालीने गोळ्यांची पट्टी हातात घेतली, मोजल्यासारखी केली आणि ठेवून दिली. "मुलांची परीक्षा झाली की मीच सांगेन मुजावरांना. शप्पथ."

महिन्याच्या भेटीत डॉक्टर मुजावर पडद्यावर आले. सगळे आकडे बघून ते खूश होते. "वृषालीताई, तुमचा आलेख आमच्या विद्यार्थ्यांना दाखवावा असा आहे," ते म्हणाले. वृषाली हसली. बोलताना धाप कळू नये म्हणून तिने "हो", "नाही" एवढीच उत्तरं दिली. केतकी पडद्यामागे उभी होती. तोंड उघडावं असं तिला दोनदा वाटलं. पण सांगितलं तर ताईचं शाळेत जाणं थांबणार, आणि ते पुन्हा आपल्यामुळेच. ती उभी राहिली.

मार्चमध्ये वृषाली दोन जिने चढताना तीनदा थांबू लागली. शाळेत खुर्चीवर बसून शिकवू लागली. आपल्या श्वासाची शिटी मुलांना ऐकू येत नाही, याचं तिला बरं वाटायचं.

मार्चच्या वीस तारखेला ती अबोली नावाच्या सात वर्षांच्या मुलीला 'फ' शिकवत होती. फूल, फळ, फणस. तिने अबोलीचा तळवा तोंडापुढे धरला आणि म्हटलं, "फ." अबोली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वृषालीने पुन्हा म्हटलं. अबोलीने कपाळाला आठ्या घातल्या, हात आणखी जवळ आणला, जवळजवळ ओठांना लावला. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा तिने मान हलवली. काही लागत नाही, असं ती सांगत होती. मग तिने स्वतःच बाईंच्या हातावर एक जोरदार 'फ' केला, असं करा म्हणून दाखवायला.

वृषालीने तिची पाठ थोपटली. वर्गातून बाहेर येऊन ती व्हरांड्याच्या कठड्याशी बसली. साळुंखेबाई धावत आल्या. "शेटेबाई, ओठ निळे दिसतायत तुमचे! रिक्षा बोलावू का?"

घरी पोचल्यावर तिने काही न बोलता खुर्ची ओढली. अडीच महिन्यांनंतर ती पहिल्यांदा फुंकणीसमोर बसत होती. केतकी दारात उभी राहून बघत होती. वृषालीने फुंकलं. आवाज "अजून, अजून" म्हणत राहिला आणि तिच्याकडून काही निघेचना. आकडा आला १.१२.

पट्टी लाल झाली नाही. यंत्र म्हणालं, "हे मापन आपल्या नेहमीच्या नोंदींशी जुळत नाही. नळी गळत असावी. कृपया पुन्हा करा." तिने पुन्हा केलं. "कृपया पुन्हा करा." तिसऱ्यांदा यंत्राने तो आकडा पुसून टाकला आणि आदल्या दिवसाचा ठेवला. केतकीचा २.३६.

"आता माझं खरं मानत नाही ते," वृषाली म्हणाली. तेवढ्या वाक्याला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

केतकीने फोन उचलला आणि थेट डॉक्टर मुजावरांना लावला. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, एका दमात.

"किती दिवस फुंकताय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"एकाहत्तर."

"आत्ता निघा. ऑक्सिजनची गाडी मी पाठवतो, ती साताऱ्याला तुम्हाला गाठेल, घरी तिची वाट बघू नका. बाकीचं नंतर बोलू."

पुण्यात तपासण्यांना तीन दिवस लागले. डॉक्टर मुजावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं केतकीला वाटलं. त्यांनी दोघींना छातीचा स्कॅन दाखवला आणि सांगितलं, "जानेवारीत थोडी औषधं वाढवली असती तर बहुधा तिथेच थांबलं असतं. आम्ही उलट कमी केली. मीही आलेख बघत बसलो, माणूस बघितलं नाही. गेलं ते परत येणार नाही. आहे ते राखायचं."

मग त्यांनी केतकीला बाहेर बोलावलं. रोगप्रतिकारशक्तीत काही पेशी हल्ला करणाऱ्या असतात, तर काही हल्ला आवरणाऱ्या. दात्याच्या रक्तातून या आवरणाऱ्या पेशी वेगळ्या काढून वाढवता येतात आणि रुग्णाला देता येतात. दहातल्या सहाजणांत घसरण थांबते. त्यासाठी केतकीचं रक्त पुन्हा लागणार होतं.

"पुन्हा माझ्या पेशी?" केतकी म्हणाली. "नको डॉक्टर. दुसरं कुणाचं चालणार नाही?"

"नाही. तुमच्या पेशींना तुमच्याच आवरू शकतात."

ती वॉर्डात परत आली. वृषालीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. केतकी पलंगाच्या कडेला बसली आणि चादरीची सुरकुती सारखी करत राहिली.

"त्या दिवशी बोललीस ते मनापासून बोललीस का, ताई?"

"हो," वृषाली म्हणाली. "त्या क्षणी तसंच वाटत होतं. तू ऐकावंस, म्हणून... जे सगळ्यांत जास्त लागेल, ते काढलं मी."

"मला आधीपासून वाटायचं तसं. तू म्हणायच्या आधी. पहिल्यांदा १.९५ च्या जवळ गेलीस ना, तेव्हापासून. रात्रंदिवस वाटायचं, माझंच रक्त करतंय हे. म्हणून नाही म्हणता आलं नाही मला."

"माहीत होतं मला," वृषाली म्हणाली. "म्हणून तर बोलले."

केतकीने चादरीवरून हात काढून घेतला. मग म्हणाली, "मी रक्त देणार आहे. पण तुझ्यासाठी म्हणून आत्ता काही वाटत नाहीये मला. हे तुला सांगून ठेवते."

"नको देऊस मग."

"तू मागितलंस का? नाही ना? मग गप्प बस."

एप्रिलमध्ये तिने रक्त दिलं. चार तास ती यंत्राला जोडलेली होती, दोन्ही हात सरळ ठेवून. मेमध्ये त्या पेशी वृषालीच्या शिरेत सोडल्या. तोवर शाळा बंद होऊन गेली होती. शाळेच्या निरोपसमारंभाला दोघींपैकी कुणी गेलं नाही. साळुंखेबाईंनी तिच्या कपाटातल्या वस्तू पिशवीत भरून घरी पोचवल्या. सहा मुलं कुठे कुठे गेली ते वृषालीने विचारलं नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनी जूनमध्ये नियम बदलला. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येकाने आता कॅमेऱ्यासमोर बसून, प्रणालीला चेहरा दाखवून फुंकायचं. रुग्णांच्या फोनवरच्या गटात संताप उसळला. एकाने लिहिलं, 'कुणीतरी लबाडी केली म्हणून आम्ही रोज चोरासारखं बसायचं का? उघडं डोकं, सुजलेलं तोंड, हे रोज दाखवायचं?' वृषालीने सगळे संदेश वाचले. उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

घसरण थांबली. आकडा १.०६ वर आला आणि तिथेच राहिला. जून, जुलै, ऑगस्ट. मुजावर म्हणाले, हेच यश समजा. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्याची लांब नळी खोल्याखोल्यांतून तिच्यामागे फिरू लागली. एका श्वासात तिला चार शब्द बोलता येत. डब्याची सोय झाली, दिवसा एक मावशी येऊ लागल्या.

ऑगस्टच्या शेवटी सुधीर गाडी घेऊन आला. केतकीच्या दोन बॅगा त्याने खाली नेल्या. केतकीने औषधांच्या वेळा लिहून फ्रिजवर लावल्या, मावशींना पुन्हा सगळं समजावलं. दारात ती थांबली. वाकून वृषालीच्या पाया पडली, जशी लहानपणापासून प्रत्येक निरोपाला पडायची.

"येते, ताई."

"ये," वृषाली म्हणाली. आणखी काही बोलायचं तिच्या मनात होतं, पण तोवर पावलं जिन्यावर गेली होती. खाली उतरणं तिला जमलं असतं. पुन्हा वर येणं जमलं नसतं. म्हणून ती नळी ओढत गॅलरीत गेली. केतकीने गाडीत बसताना वर पाहिलं. वृषालीने हात उंचावला. केतकीनेही थोडा उंचावला. गाडी कोपऱ्यावरून वळली.

जिन्याचं दार केतकीने ओढून घेतलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास आत येत होता. वृषाली खुर्चीत बसली, धाप ओसरायची वाट बघत. वीस मिनिटं लागली. मग ती उठली, भिंतीचा आधार घेत गेली आणि दार लावून घेतलं.